दोघांचं घोंगडं

खारघरला राहणाऱ्या माणसाला "भिजत घोंगडं" या शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आमच्या मेट्रोचं काम 2011 साली सुरू झालं. खांब उभे राहिले, त्यांच्यावर जाहिराती लागल्या, जाहिराती उन्हाने विटल्या, आणि बेलापूर ते पेंधर गाडी प्रत्यक्षात धावली ती 17 नोव्हेंबर 2023 रोजी. मधली बारा वर्षं मराठी वर्तमानपत्रांना एकच मथळा पुरला.

गंमत म्हणजे हा मथळा लिहिणाऱ्यांपैकी आणि वाचणाऱ्यांपैकी किती जणांनी खरोखरचं भिजलेलं घोंगडं पाहिलं असेल? मी पाहिलं आहे. ते एकट्या माणसाने पिळता येत नाही. लोकरीचा गुण असा की ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून तर धनगर पावसात घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतो आणि तासन् तास मेंढरांमागे उभा राहतो. कोकणात ज्या कामाला इरलं, देशावर त्याच कामाला खोळ. पण एकदा का ती मर्यादा ओलांडली आणि घोंगडं चिंब झालं, की त्याचं वजन दुप्पट-तिप्पट होतं, आणि ढगाळ हवेत ते दिवसच्या दिवस वाळत नाही. धुवायचं तर उन्हाळ्यात, नदीवर, दोघांनी दोन टोकं धरून.

दोघांनी. मला आज लिहायचंय ते या शब्दाबद्दल.

मी वाढले फलटणला. तिथून पुढे माण तालुका, म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चा मुलूख. पाऊस कमी, जमीन हलकी, मेंढरं भरपूर. दसरा-दिवाळीनंतर वाड्याच्या वाड्या घाटाखाली चालत निघायच्या, अजूनही निघतात. पारनेरकडच्या धवळपुरीचे धनगर थेट कल्याण-भिवंडीपर्यंत उतरतात. भात काढून झालेल्या खाचरांत मेंढ्या बसवायच्या, लेंड्यांचं खत शेतकऱ्याला, त्याचे पैसे किंवा भात धनगराला. मेंढरू हे मांसाचं जनावर, खताचं जनावर, आणि एकेकाळी तितकंच लोकरीचं जनावर.

आपली दख्खनी मेंढी लोकरीच्या जगात गरीब घरातली. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनोचा तंतू साधारण वीस मायक्रॉन जाडीचा, म्हणून तिचं कापड अंगाला मऊ लागतं. दख्खनीचा चाळिसाच्याही वर, आणि त्यात केस मिसळलेले. वर्षातून दोनदा कातरली तरी एक मेंढी वर्षाला अर्धा ते पाऊण किलो लोकर देते. अडीच किलोचं घोंगडं करायचं तर चार-पाच मेंढ्यांची वर्षभराची कमाई त्यात जाते. पहिल्या कातरणीची, कोकराच्या जावळाची लोकर सगळ्यात मऊ आणि काळीभोर. जावळाच्या घोंगडीला मान वेगळा आणि किंमतही वेगळी. रंग द्यायचा प्रश्नच नाही. मेंढीचा काळा तो घोंगडीचा काळा.

आता ही लोकर घोंगडीपर्यंत कशी पोचते ते सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. कातरलेली लोकर आधी झाडायची, काटे-कुसळं वेचायची. मग पिंजायची. मग चरख्यावर कातायची. सुताचा उभा ताणा अंगणात किंवा गल्लीत खुंट्यांवर ताणायचा (धनगरांतल्या खुटेकर या शाखेचं नाव या खुंटीवरून पडलं असं सांगतात). चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवून त्याची खळ करायची आणि ती ब्रशासारख्या मोठ्या कुंच्याने ताण्यावर चढवायची, म्हणजे लोकरीचे उडालेले केस बसतात आणि सूत मागावर तुटत नाही. मग खड्ड्याच्या मागावर बसून धोटा इकडून तिकडे. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात, आणि पायांनी पट्ट्या दाबून ताण्याचे धागे वर-खाली करतो.

यातलं शेवटचं वाक्य आपल्या डोक्यात विणकर म्हणून राहतं. मागावर बसलेला माणूस. फोटोही त्याचाच निघतो. पण त्याच्याआधीची झाडणं, वेचणं, कातणं, चिंचोके वाटणं ही कामं जवळजवळ सगळीकडे बायकांची. खळ चढवायला दोघं लागतात. मागावर बहुतेक ठिकाणी पुरुष. सणगर आणि खुटेकर घरांत हा धंदा नवरा-बायकोचा जोडधंदा नव्हता, जोडीचा धंदा होता. बायको नसेल तर माग बसला. नवरा नसेल तर सुताचे गुंडे पडून.

आणि वेळेचा हिशोब? तो मला एका बाईने सांगितला.

आमच्या खारघरच्या अलीकडचं स्टेशन बेलापूर. तिथे टेकडीवर सिडकोचं अर्बन हाट आहे, जिथे देशभरचे कारागीर महिना-पंधरा दिवसांच्या बोलीने येऊन बसतात. काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात (खारघरच्या मानाने हिवाळा, पंखा दोनवर) तिथे सोलापूरकडचं एक जोडपं घोंगड्या घेऊन आलं होतं. पन्नाशीच्या पुढची दोघं. तो गिऱ्हाइकांशी बोलत होता, घड्या उलगडून दाखवत होता. ती मागे बसून चरखा चालवत होती. लोक तिचा मोबाईलवर फोटो काढत आणि किंमत त्याला विचारत.

मी तिच्याजवळ बसले. माणदेशी बोली कानावर पडल्यावर तिचा आवाज जरा सैल झाला. "किती दिवस लागतात हो एकाला?" असं विचारलं तर तिच्या आधी तोच म्हणाला, "दोन दिवसांत निघतंय बघा मागावरनं." ती चरखा न थांबवता म्हणाली, "मागावरनं दोन. सूत आठ-धा दिवस. त्याच्या आदी निवडाय-पिंजाय येगळं."

तो हसला. "हां, ते हायच की." भांडण नव्हतं, वाद नव्हता. दोघांनाही खरं माहीत होतं. फक्त विचारणाऱ्याला पहिलं उत्तर कोणतं द्यायचं याची सवय पडून गेलेली.

दहा दिवस आणि दोन दिवस. हे प्रमाण मनात घर करून बसलं, म्हणून मग मी वाचायला लागले. तर हे प्रमाण आजचं नाही आणि आपल्यापुरतंही नाही. इंग्लंडमध्ये यंत्रं येण्यापूर्वी एका विणकराला पुरेसं सूत द्यायला चार किंवा त्याहून जास्त कातणाऱ्या लागत. 1733 साली जॉन के याने धावता धोटा काढला आणि विणकर आणखी वेगाने विणू लागला, तशी सुताची टंचाई आणखी वाढली. कातायची यंत्रं निघाली ती ही टंचाई भागवायला. म्हणजे ज्याला आपण शाळेत औद्योगिक क्रांती म्हणून पाठ केलं, तिच्या मुळाशी एक साधी अडचण होती: बायकांचे हात कमी पडत होते. इंग्रजीत अविवाहित बाईला स्पिन्स्टर म्हणतात, म्हणजे मुळात कातणारी.

आपल्याकडे तर याची नोंद फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत्राध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. त्याने कोणाकडून सूत कातून घ्यावं याची यादी दिली आहे, आणि त्यात विधवा, अपंग स्त्रिया, घर सोडून आलेल्या, म्हाताऱ्या अशा बायका आहेत. काय कातायचं त्या यादीत पहिलंच नाव ऊर्णेचं, म्हणजे लोकरीचं. ज्या बायका घराबाहेर पडत नाहीत त्यांना दासींकरवी काम पोचवावं. ज्या पहाटे सूत घेऊन येतील त्यांच्या वेळी दिवा फक्त सूत तपासण्यापुरता असावा. बाईच्या तोंडाकडे पाहिलं किंवा कामाशिवाय दुसरं काही बोललं तर अधिकाऱ्याला दंड. आणि मजुरी द्यायला वेळ लावला तर त्याहून मोठा दंड! हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते. सगळं पाळलं जात असेल असं मुळीच नाही. पण नियम करणाऱ्याला कातणारीची मजुरी ही वेगळी, मोजायची, वेळेवर द्यायची गोष्ट वाटत होती. घरातला नवरा-बायकोचा माग मात्र कोणत्याच अध्यक्षाच्या कक्षेत येत नव्हता. तिथे ताणा दोघांचा आणि गल्ला एकाचा.

गांधींनी हे उलटवायचा एक प्रयत्न केला. 1924 साली काँग्रेसच्या सभासदत्वासाठी पैशांऐवजी दरमहा दोन हजार यार्ड सूत द्यायचं ठरलं, म्हणजे वकील, डॉक्टर, पुढारी सगळ्यांनी कातायचं. वर्षभरातच ती सक्ती सैल करावी लागली. पुरुषांना कातणं जमत नाही असं काही नाही. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ चालता चालता टकळीवर लोकर काततात. कमीपणा हाताला नाही, डोक्याला वाटतो. पण त्या चळवळीची एक खूण कायद्यात राहिली. 1956च्या खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या कायद्यात खादीची व्याख्या आहे: सुती, रेशमी किंवा लोकरीच्या, हाताने कातलेल्या सुताचं हातमागावर विणलेलं कापड. म्हणजे जात्या धनगरी घोंगडं ही खादीच. व्याख्येत कातणारी आहे. उलट हातमागासाठी वस्तू राखून ठेवणारा 1985चा जो कायदा आहे, त्याखालच्या अकरा प्रकारच्या वस्तूंत कांबळंही आहे, पण तिथे प्रश्न फक्त मागाचा. सूत गिरणीतून आणलं तरी चालतं. दोन कायदे, आणि दोहोंच्या मधून ती बाई गळून पडते.

आता गिरणीकडे वळू, कारण ती आमच्या अगदी जवळची. ठाण्यात 1925 साली वाडियांची लोकरीची गिरणी निघाली. 1944 साली ती कैलाशपत सिंघानियांकडे आली आणि पुढे रेमंड म्हणून घराघरात पोचली. लग्नाचा सूट म्हणजे रेमंड, हे समीकरण माझ्या पिढीला वेगळं सांगायला नको. पण सुरुवातीला ही गिरणी काढत होती ती सैनिकांसाठी जाडीभरडी स्वस्त कांबळी. म्हणजे घोंगड्याचाच धाकटा, यंत्रावरचा भाऊ. त्याआधी 1876पासून कानपूरची लाल इमली होतीच. गिरणीचं कांबळं हलकं, सपाट, टोचायला कमी. ठाण्याची ती गिरणी 2009 साली बंद झाली आणि तिच्या जमिनीवर आता टोलेजंग इमारती उभ्या आहेत. घोंगड्याला मारणारी गिरणी गेली. घोंगडं मरत मरत का होईना अजून आहे. यात मला कसलाही आसुरी आनंद नाही, तिथेही हजारो घरं चालत होती.

खरा घाव घातला पानिपताने. पुन्हा पानिपतच! 1761च्या जानेवारीत उत्तरेच्या थंडीत अपुऱ्या कपड्यांनी कुडकुडणारी मराठी फौज आपल्याला आठवते. आज त्याच पानिपतात जगभरचे टाकून दिलेले लोकरीचे कपडे येतात, रंगांप्रमाणे निवडून फाडले जातात, त्यांचं पुन्हा सूत होतं आणि त्याची स्वस्त ब्लँकेटं निघतात. भूकंप, पूर, थंडीतलं दानधर्माचं वाटप, सगळीकडे तीच. त्यानंतर आली प्लास्टिकच्या धाग्याची मऊ, फुलाफुलांची, वाघाच्या चित्रांची ब्लँकेटं. माण-खटावच्या लग्नात आहेरालाही आता तीच दिसतात. ज्या धनगराच्या घरात बारशापासून कुळाचारापर्यंत काळ्या घोंगडीवाचून बैठक होत नसे, तिथे एक जुनी घोंगडी देवापुरती आणि पांघरायला वाघ.

मेंढीही बदलली, कारण लोकरीला भाव नाही आणि मटणाला आहे. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी उंच, देखणी, अंगावर लोकर नावालाच, तिला मागणी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचा जुळी देणारा गुण दख्खनीत आणून 'सुवर्णा' मेंढी तयार केली, आणि मेंढपाळाच्या बाजूने पाहिलं तर ते फार मोलाचं काम आहे. दोन कोकरं म्हणजे दोन कोकरांचे पैसे. लोकर मात्र उरते ओझं म्हणून. कातरणावळ द्यावी लागते आणि कातरलेलं कुणी घेत नाही, म्हणून ती बांधावर टाकून देतात, जाळतात. ती पाहून वाईट वाटणारे आता वाढलेत, हेही खरं. 'देशी ऊन' या मुंबईच्या स्टुडिओने केलेल्या छोट्या अ‍ॅनिमेशनपटाला 2025 साली फ्रान्समधल्या अ‍ॅनेसीच्या महोत्सवात पुरस्कार मिळाला. लोकरीच्या बाहुल्या पडद्यावर चालतात, आणि बांधावरच्या लोकरीला गिऱ्हाईक नाही. असो. फिल्मने काही गिऱ्हाइकं जमली तर चांगलंच आहे.

मला राहून राहून वाटतं की "विणकर संपत चालले" हे आपण चुकीच्या टोकाकडून म्हणतो. आधी संपली ती कातणारी. मुलींची लग्नं विणकराच्या घरात होईनाशी झाली, झाली तर त्यांनी चरख्याला हात लावायला नकार दिला, आणि मला त्यांचं काहीही चुकलं असं वाटत नाही. दहा दिवसांच्या कामाला ज्या घरात नाव नाही, त्या कामाला पुढची पिढी का मिळावी? खुरपायला गेलं तर संध्याकाळी रोजगार हातात पडतो. स्वतःच्या हातात.

माझ्या आईवडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. वडील कापायचे आणि मशीनवर बसायचे. काज, बटणं, हातशिलाई, तुरपाई, अस्तर, इस्त्री सगळं आई करायची, स्वयंपाक करता करता. पाटीवर वडिलांचं नाव आणि पुढे "टेलर्स", इंग्रजी अनेकवचनात. लहानपणी मी विचारलं होतं, दुसरा टेलर कोण? वडील म्हणाले, "अगं, तशी पद्धत असते." तशी पद्धत असते हे खरंच होतं. त्यांनी आईला कधी वाकडा शब्द बोलला नाही, आणि गल्ल्याची किल्ली स्वतःकडे ठेवली, ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल खरी आहेत. म्हणून बेलापूरच्या त्या जोडप्याकडे पाहताना मला राग कुणाचाच आला नाही. ओळख पटली.

घोंगड्यांसाठी पूर्वापार नावाजलेल्या म्हसवडला 1997 साली चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी माणदेशी महिला सहकारी बँक काढली. त्याआधी रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला होता, कारण प्रवर्तक बायका निरक्षर. बायका परत गेल्या आणि म्हणाल्या, लिहिता-वाचता येत नसेल, पण हिशोब येतो; व्याज तोंडी काढून दाखवतो, तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. परवाना मिळाला. ही गोष्ट हल्ली व्याख्यानांतून खूप सांगितली जाते, आणि लोक टाळ्या वाजवतात त्या हुशारीला. मला त्यातली वेगळी बाजू महत्त्वाची वाटते. त्या बायकांना बँक हवी होती ती रोजची दहा-वीस रुपयांची बचत स्वतःच्या नावाने, घरच्या नजरेआड ठेवायला. हिशोब त्यांना आधीपासूनच येत होता. खातं नव्हतं.

2019-20च्या हातमाग गणनेत देशातले पस्तीस लाखांहून जास्त कामगार मोजले गेले, आणि त्यात सत्तर टक्क्यांहून जास्त बायका निघाल्या. यात ईशान्येकडच्या, स्वतः मागावर बसणाऱ्या बायकांचा वाटा फार मोठा आहे. तरीही या गणनेत मागाच्या आधीची कामं करणाऱ्यांना वेगळं मोजलं जातं, हे मला आवडलं. मोजणं ही सुरुवात असते.

तर बेलापूरला मी एक घोंगडं घेतलं. जावळाचं नव्हतं, साधंच, काळं, कडेला पांढऱ्या दोऱ्याची टीप. किमतीत घासाघीस केली नाही, कारण दहा आणि दोन मिळून बारा दिवस मनात होते आणि तेवढ्या दिवसांची मुंबईतली मजुरी मांडली असती तर मला ते परवडलंच नसतं. पैसे मी तिच्या हातात दिले. तिने ते न मोजता त्याच्याकडे दिले, त्याने मोजले, आणि त्यातली एक नोट तिला परत दिली. "चहा आण दोगांना," म्हणाला. "तीन आण," ती म्हणाली, आणि नोट त्याच्याकडे देऊन पुन्हा चरख्याला बसली. तो उठला आणि गेला.

तो गेल्यावर मी विचारलं, घरात कुणी शिकतंय का? पोरगा माग चालवतो म्हणाली, चांगला चालवतो, त्याच्या बापापेक्षा घट्ट मारतो. आणि सून? सून पुण्यात कंपनीत जाते. मग सूत? "इकत आनतोय. गिरनीचं. एकसारकं असतंय." मग दोन घोंगड्या शेजारी ठेवून तिने माझा हात धरून दोन्हींवरून फिरवला. मुलाच्या घोंगडीवरून हात सरळ गेला. तिच्या घोंगडीवर दर दोन-चार बोटांवर कुठेतरी अडकत होता. जाड, बारीक, पुन्हा जाड.

"ह्ये हितं," एका जाड जागेवर बोट ठेवून ती म्हणाली, "हितं कुनीतरी हाक मारली आसंल."